बाळंतिणीचे ताट आणि दुभत्याची गव्हाण

नांदेड जिल्ह्यातील उमरी तालुक्यात, कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या कोणत्याही गावी, म्हैस व्याली म्हणजे घरात लगबग सुरू होते. घरधनी ती रात्र गोठ्यातच काढतो. वार वेळेवर पडली की नाही, पारडू उभे राहिले की नाही, याकडे त्याचे लक्ष असते. बाजरी शिजवून तीत गूळ आणि मेथी घालतात आणि ते कोमट खाद्य म्हशीपुढे ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून सरकी पेंडेचा हिशेब सुरू होतो. कडबा संपत आला असेल तर उसनवारी करून आणला जातो. चार दिवस तिला रानात सोडत नाहीत. यात शेतकऱ्याचा स्वार्थ आहे हे उघड आहे. परंतु त्या स्वार्थात एक शहाणपण आहे. जी दूध देते तिला आधी खाऊ घातले पाहिजे, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

त्याच घरातील सून बाळंत होते तेव्हा काय घडते? पहिलटकरीण असेल तर ती माहेरी जाते. तेथे शेक-शेगडी होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी असे तिचे लाड होतात. ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस माहेरची ऐपत संपलेली असते. डिंक, खारीक आणि खोबरे हे मजुरी करणाऱ्या घराला परवडणारे पदार्थ राहिलेले नाहीत. मग बाळंतिणीच्या ताटातून एकेक गोष्ट वजा होऊ लागते. डाळ बाळाला बाधते, पालेभाजीने त्याला हगवण लागते, फळांनी सर्दी होते, पाणी जास्त प्यायल्याने बाळंतिणीचे पोट सुटते, अशा समजुती त्या वजाबाकीला आधार देतात. उरलेसुरले घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर तिच्या वाट्यास येते.

स्त्रीची जनावराशी तुलना करणे काही वाचकांस खटकेल. परंतु ही तुलना आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. गाय-म्हैस व्याल्यावर येणाऱ्या पहिल्या पिवळसर, घट्ट दुधाला आपण चीक म्हणतो, आणि बाळंतिणीच्या पहिल्या दुधालाही चीकच म्हणतो. वासराला पाहून गाईला पान्हा फुटतो आणि लेकराच्या रडण्याने आईलाही पान्हाच फुटतो. शब्द एक आहेत, वागणूक मात्र दोन तऱ्हांची आहे. म्हशीच्या चिकाचा खरवस करून तो वेलदोडा घालून शेजारीपाजारी वाटला जातो. आईचा चीक मात्र अनेक घरांत आजही ‘साचलेले, खराब दूध’ म्हणून पिळून टाकला जातो आणि नवजात बाळाला मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी चाटवले जाते. ज्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये सर्वांत अधिक असतात, तेच बाळाला नाकारले जाते.

येथे गोठ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मनुष्याच्या बाळाला काही प्रतिकारशक्ती गर्भातच वारेतून मिळालेली असते. वासराला आणि पारडाला ती तशी मिळत नाही. त्यांचे सारे संरक्षण चिकातूनच येते, आणि तो जन्मल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत पोटात जावा लागतो. दिवसभरात वासराच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका चीक त्याला मिळावा, असे पशुवैद्य सांगतात. तीस किलोच्या पारडाला सुमारे तीन लिटर. तेवढा पाजून उरला तर खरवस अवश्य करावा. पारडे दगावली की आपण दैवाला बोल लावतो. पुष्कळदा त्यांचा चीक आपणच खाल्लेला असतो.

आता गरजेचा हिशेब पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांच्या आहाराची जी प्रमाणे निश्चित केली, त्यांनुसार मध्यम श्रम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला २१३० कॅलरी लागतात आणि जड श्रम करणारीला २७२०. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने यावर आणखी ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने हवीत. पुढील सहा महिने ५२० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिने. कॅल्शियमची तिची रोजची गरज १२०० मिलिग्रॅम धरली आहे. हे आकडे स्वयंपाकघराच्या भाषेत मांडले तर फार मोठे वाटत नाहीत. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे प्रश्न दोन भाकरींहून कमीच अन्नाचा आहे. प्रथिनांसाठी एक वाटी घट्ट वरण आणि एक मूठ शेंगदाणे पुरे. ज्या जिल्ह्यात तूर पिकते आणि ज्वारी हे रोजचे अन्न आहे, तेथे एवढी भर घालणे अशक्य नसावे.

गोठ्याचा हिशेब तर शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. गाईला शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो खुराक, त्याशिवाय प्रत्येक अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीचे दूध घट्ट, म्हणून तिला दर दोन लिटरमागे एक किलो. वर हिरवा-वाळला चारा आणि चिमूटभर नव्हे, रोज तीस ते पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण. पाणी भरपूर हवे, कारण दुधाचा सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. म्हशीसमोर पाण्याची बादली भरून ठेवणारे घर बाळंतिणीला मात्र तांब्याभर पाण्यासाठी टोकते. तिच्या दुधातही पाण्याचे प्रमाण जवळजवळ तेवढेच असते.

एकाच घराला एक हिशेब कळतो आणि दुसरा कळत नाही, असे का व्हावे? अज्ञान, दारिद्र्य आणि स्त्रीविषयीची अनास्था ही तिन्ही कारणे खरी आहेत. पण आमच्या मते मुख्य कारण त्याहून साधे आहे. म्हशीची आबाळ त्याच संध्याकाळी मापात दिसते. पेंड कमी पडली की दूध घटते, संकलन केंद्रावर लिटर आणि फॅट दोन्ही उतरतात आणि दहा दिवसांच्या पगारात त्याची नोंद होते. आईच्या बाबतीत देहाची रचना वेगळी आहे. ती अर्धपोटी राहिली तरी दूध बहुधा आटत नाही. अतिशय तीव्र उपासमार वगळता तिचे शरीर दिवसाला पाऊण लिटरच्या घरात दूध तयार करतच राहते, आणि त्यासाठी लागणारी चरबी, प्रथिने व कॅल्शियम स्वतःच्या साठ्यातून काढून देते. बाळ अंग धरते आणि पाहुणे बाळाचे कौतुक करतात. तोटा कोठेतरी होत असतो, पण तो मोजणारे माप घरात नसते. तो आईच्या हाडांत आणि रक्तात साठत जातो. काही बाबतीत मात्र आईची कमतरता थेट दुधात उतरते: अ आणि ब गटांतील काही जीवनसत्त्वे आणि आयोडीन हे घटक तिच्या आहारात नसतील तर बाळालाही कमी मिळतात. ताक, दूध, अंडे वा मटण यांपैकी काहीच न मिळणाऱ्या आईच्या दुधात ब-१२ उणे असते, आणि त्याची झळ बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागू शकते.

व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत एखादी चांगली दुभती गाय अचानक खाली बसते, मान पोटाकडे वळवते, कान गार पडतात. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग थंडच असते. दुधाकडे एकदम वळलेल्या कॅल्शियममुळे रक्तातील प्रमाण कोसळलेले असते. पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम देतो आणि पुष्कळदा ती गाय तासाभरात उठून उभी राहते. शेतकरी अशा वेळी मध्यरात्रीही मोटारसायकल काढतो. स्त्रीच्या शरीरात असा नाट्यमय प्रसंग सहसा घडत नाही. पाजण्याच्या काळात तिच्या हाडांतील खनिज काही टक्क्यांनी उतरते; दूध तोडल्यावर, आणि पुढच्या बाळंतपणापर्यंत पुरेसा काळ व अन्न मिळाल्यास, ते बहुधा भरून येते. कंबर दुखते, पाय वळतात, असे ती सांगते, आणि बाळंतपणानंतर असे चालायचेच, असे उत्तर तिला मिळते.

शासनाने या दुखण्याचा विचार केलेला नाही असे मात्र नाही. २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यावयाच्या आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस द्यावयाच्या आहेत. प्रत्यक्षात मूल जन्मले की गोळ्यांचे पाकीट फडताळात जाते. कारण गोळ्या ‘पोटातल्या बाळासाठी’ होत्या, अशी सर्वांची समजूत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात हा आकडा चढला आहे, खाली आलेला नाही.

येथून आपण शासकीय मदतीकडे वळू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला आणि प्रसूतीनंतर सहा महिने प्रत्येक स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला, आणि किमान सहा हजार रुपयांचा मातृत्वलाभही देऊ केला. हा हक्क आहे, उपकार नाही, हे आपल्या बायाबापड्यांना कोणीतरी स्पष्ट सांगावयास हवे. परंतु कायद्याचे शब्द योजनेत उतरताना आखूड झाले. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार मिळू लागले. दुसरा मुलगा झाला, किंवा तिसरे मूल असेल, तर काहीच नाही. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू स्तुत्य आहे. तथापि दुसऱ्या मुलाला पाजणाऱ्या आईची भूक मुलीला पाजणाऱ्या आईपेक्षा कमी असते, असे कोणी म्हणणार नाही. आणि आपण वर पाहिलेच की माहेरचा आधार तुटतो तो नेमका याच खेपांना.

अंगणवाडीतून घरी न्यावयाचा शिधा, ज्याला सारे टीएचआर म्हणतात, त्यातून आईला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरले आहे. ते विज्ञानाशी तंतोतंत जुळते. त्यासाठी केंद्राने २०१७ साली माणशी दररोज साडेनऊ रुपये दर निश्चित केला. त्यातून आलेले पाकीट घरात उघडले की ते एकटीचे राहत नाही. सासूबाई, मोठी मुले, क्वचित घरची शेळीसुद्धा त्यात वाटेकरी होते. याचा दोष त्या घराला देणे सोपे आहे. ज्या घरात सर्वांचीच पोटे अर्धी आहेत तेथे एकीपुरते अन्न झाकून ठेवणे किती कठीण असते, हे दिलेल्या उपदेशातून सुटत नाही.

म्हणूनच शिजवलेले अन्न जागेवर बसवून वाढण्याची पद्धत अधिक गुणकारी ठरते. राज्य शासनाने २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण सुरू केले. नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या अनुसूचित क्षेत्रात ती योजना लागू आहे. उमरी त्या क्षेत्रात मोडत नाही. एकाच जिल्ह्यातील दोन मातांपैकी एकीच्या पुढे भाकरी, वरण आणि अंडे येते, दुसरीच्या हाती पाकीट. आदिवासी भगिनींच्या ताटाकडे असूयेने पाहण्याचे कारण नाही. ते ताट पुढे उमरी, धर्माबाद, नायगावपर्यंत का येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

साडेनऊ रुपयांच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवावेसे वाटतात. २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांतील मोठ्या जनावरामागे रोजचे अनुदान शंभर रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी पन्नास रुपये देण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाच्या धार्मिक किंवा राजकीय बाजूत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही, आणि आमचा आक्षेप पन्नास रुपयांवर मुळीच नाही. छावणीतील बैलाचा तो दिवसभराचा चारा असतो आणि मातेचा शिधा केवळ पूरक असतो, हा फरकही मान्य केला पाहिजे. तरीही मुक्या प्राण्याचे पोट शंभर किंवा पन्नास रुपयांत भरते हे ज्यांना हिशेबाने पटते, त्यांना साडेनऊ रुपयांत पाजत्या आईची उणीव भरून निघते हे कोणत्या हिशेबाने पटले असावे, हा प्रश्न विचारण्याचा नागरिकांस अधिकार आहे.

१९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडणाऱ्या आपल्या या भागातील अनेक कॅथोलिक कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. ती दलित समाजातून आलेली आहेत. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. जननी सुरक्षा योजनेसारख्या योजनेत आपल्या राज्यातील ग्रामीण मातेला दवाखान्यातील प्रसूतीसाठी मिळणारे ७०० रुपये अनुसूचित जाती-जमाती किंवा दारिद्र्यरेषेखालील स्त्रीसाठी आहेत. कागदोपत्री ख्रिस्ती असलेल्या भगिनीला त्यामुळे दुसऱ्या दाराने, म्हणजे शिधापत्रिका आणि दारिद्र्यरेषेच्या नोंदीनेच जावे लागते. मातृवंदना योजनेतही अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका हा पात्रतेचा पुरावा धरला जातो. तेव्हा ज्या घरात नवी सून आली आहे त्या घराने तिचे नाव शिधापत्रिकेत चढवणे, आधार आणि बँक खाते तिच्या स्वतःच्या नावे जोडून घेणे, ही कामे सातव्या महिन्यापर्यंत थांबवू नयेत. माहेरच्या कार्डात नाव अडकल्यामुळे लाभ हुकलेल्या सुना गावोगाव आढळतात.

पैशाइतकाच, किंबहुना अधिक कठीण प्रश्न वेळेचा आहे. संघटित क्षेत्रात नोकरी करणाऱ्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कापूस वेचणाऱ्या स्त्रीला ती कोण देणार? वेचणीची मजुरी किलोवर असते. झाडाला बांधलेल्या झोळीतले मूल रडले, ती उठून गेली, अर्धा तास बसली, की तेवढा कापूस तिच्या ओटीतून कमी झाला. पाजण्याच्या प्रत्येक वेळेला असा दाम चिकटलेला आहे. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीवर हीच कथा आहे. तोडणीस जाणारे जोडपे ‘कोयता’ या नावाने मोजले जाते. त्या कोयत्यातील एक जण ओली बाळंतीण आहे, याची नोंद उचलीच्या कागदावर कोठेच नसते. गावाबाहेर गेल्यावर गावच्या अंगणवाडीतला शिधाही सुटतो.

आणि थकवा केवळ अंगाला होतो असेही नाही. गाय घाबरली, तिला मारले, परका माणूस धारेला बसला, तर ती पान्हा चोरते. हे गवळ्याला माहीत असते, म्हणून तो तिच्या पाठीवरून हात फिरवतो, वासराला आधी तोंड लावू देतो. आईचा पान्हाही त्याच यंत्रणेने चालतो. भीती, अपमान, भांडण, उन्हातली ओढाताण यांनी तो अडतो. दूध येत नाही म्हणून तिला बोल लावले जातात, त्या बोलांनी तो आणखी अडतो, आणि मग बाटली येते. दुभत्या गाईवर धार काढताना ओरडू नये हे ज्या घरात लहान मुलांनाही बजावले जाते, त्याच घरात बाळंतिणीवर ओरडण्यास कोणाची हरकत नसते.

पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे, जो आपण याकोब आणि एसाव यांच्या समेटासाठी वाचतो आणि पुढचा भाग सोडून देतो. समेट झाल्यावर एसाव म्हणतो, चला, बरोबर जाऊ. याकोब नम्रपणे नकार देतो. कारण तो सांगतो ते असे की, मुले कोवळी आहेत आणि कळपातील मेंढ्या व गाई अंगावर पाजत आहेत; एक दिवस जरी त्यांना वाजवीपेक्षा जास्त हाकलले तरी सारा कळप मरेल. मुलांच्या आणि कळपाच्या चालीने आपण सावकाश येऊ. आदिपती याकोब संत होता म्हणून नव्हे, तर अनुभवी मेंढपाळ होता म्हणून हे बोलतो. पाजणारी जी चाल धरील ती सगळ्यांची चाल, हा त्याचा नियम. आपल्या मुकादमाने, घरधन्याने, आणि नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याने हा अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

गोठ्याचे चित्र मात्र एवढे सोज्वळ समजू नये. दुभती असेतो लाड आणि भाकड झाली की उकिरडा, हेही आपण पाहतो. व्यायला दोन महिने उरले असता धार थांबवून गाईला विश्रांती द्यावी लागते, तेव्हाच पुढच्या वेतासाठी तिच्या अंगी ताकद साठते. पण दूध येते आहे तोवर काढत राहण्याचा मोह पुष्कळांना आवरत नाही. नर पारडाचे दूध तोडून त्याला मरू दिले जाते आणि मग म्हैस पान्हावत नाही म्हणून इंजेक्शन टोचले जाते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे बारावे कलम दूध वाढवण्यासाठी अशी अपायकारक टोचणी देणे हा गुन्हा मानते. आपली लाल कंधारी गाय आणि शेजारच्या लातूरची देवणी या काटक जाती. पण काटक आहे म्हणून तिला कमी घातले तरी चालते, हा तर्क खेड्यातील स्त्रीलाही लावला जातो. गरिबाच्या घरी गाय नसते, उस्मानाबादी शेळी असते. ती पुष्कळदा जुळी करडे देते, आणि दोन पिलांना पाजणाऱ्या शेळीला बांधावरच्या पाल्याशिवाय मूठभर भरडा घालावा हे फारसे कोणी करत नाही. त्या शेळीसाठी पाला तोडून आणण्याचे काम बहुधा त्या बाळंतिणीकडेच असते.

याविषयी ख्रिस्तसभेने काय म्हटले आहे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मे १९९५ रोजी व्हॅटिकनमध्ये स्तनपानावरील एका वैज्ञानिक अभ्यासगटासमोर भाषण केले. ती परिषद परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीने लंडनच्या रॉयल सोसायटीसह भरवली होती. पोपमहोदयांनी आईच्या दुधाचे गुण तर सांगितलेच, पण त्यांचा रोख पुढे होता: स्त्रियांना त्यासाठी वेळ, माहिती आणि आधार मिळाला पाहिजे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये सिस्टीन चॅपेलमध्ये बाळांना स्नानसंस्कार देताना मातांना निःसंकोचपणे सांगितले की, बाळ भुकेने रडत असेल तर येथेच पाजा. ज्या भिंतींवर मायकेलअँजेलोची चित्रे आहेत तेथे जर हे चालते, तर आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर पदराआड पाजणाऱ्या आईकडे वळून पाहणाऱ्यांनी थोडे थांबावे. रोममधील प्रिसिलाच्या भूमिगत दफनस्थानात पवित्र मरिया बाळाला छातीशी धरून असल्याचे चित्र आहे. ते तिच्या सर्वांत प्राचीन चित्रांपैकी एक मानले जाते. तिची आरंभीची आठवण ख्रिस्ती लोकांनी अशी जपली आहे.

एक व्यावहारिक मुद्दा प्रायश्चित्तकाळाचा. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला आपल्या भगिनी अतिशय श्रद्धेने उपवास करतात. काही जणी तर चाळीस दिवस एकभुक्त राहतात. धर्मसभेच्या कायद्याने उपवासाचे बंधन अठरा पूर्ण ते एकोणसाठ वर्षांपर्यंतच्या विश्वासणाऱ्यांवर आहे. पण आजारी व्यक्तींप्रमाणेच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला त्यातून मोकळे धरण्याची परंपरा आहे. हे वेदीवरून स्पष्ट शब्दांत सांगितले जावे. सांगितले नाही तर ती विचारणार नाही, उपाशी राहील, आणि तेच पुण्य समजेल.

आशाताई दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. महाराष्ट्राच्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घडवलेल्या घरपोच नवजात सेवेतून ही पद्धत देशभर गेली आणि तिने असंख्य बालके वाचवली. तिच्या पिशवीत बाळाचे वजन करण्याचा काटा असतो. बेचाळीस दिवसांनी त्या नियमित फेऱ्या संपतात, वेचणी किंवा खुरपणी सुरू होते, आणि आईकडे पाहणारे कोणी उरत नाही. धर्मग्रामातील महिला मंडळे नेमकी तेथून काम उचलू शकतील. बाळंतविड्याची रीत आपल्याकडे आहेच. नातेवाईक बाळासाठी झबली-टोपडी आणतात. त्यातील अर्ध्या पैशांचे शेंगदाणे, गूळ, तूरडाळ आणि अंडी दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाच्या घरी दर पंधरवड्याला पोहोचली, आणि देणारी बाई ती आई खाईपर्यंत शेजारी बसून राहिली, तर पाकिटाचे जे होते ते त्याचे होणार नाही. कोणाकडे दुभती म्हैस असेल तर एक तांब्या ताक.

स्नानसंस्काराच्या पूर्वतयारीला आईवडील आणि धर्ममातापिता धर्मगुरूंकडे येतात. बाळाचे नाव, जन्मतारीख, साक्षीदार असे सर्व विचारून नोंदवहीत लिहिले जाते. तेथेच बाळाच्या वडिलांना आणखी एक प्रश्न विचारता येईल: हिने काल दिवसभरात काय काय खाल्ले? पुष्कळांना उत्तर देता येणार नाही. म्हशीला काल किती पेंड घातली, हे मात्र त्यांच्यापैकी प्रत्येक जण सांगेल.